बाजाराचा पितृपंधरवडा

आमचे सासरे खंडेराव. त्यांना अख्खं मखमलाबाद गाव तात्या म्हणायचं, आणि तात्यांचा एक नियम अख्ख्या मखमलाबादला पाठ होता: बाजार पडला तरी तोडा चुकवायचा नाही. झेंडूचं असं असतं, की फूल वेळेवर खुडलं नाही तर झाडाला वाटतं, झालं आपलं काम. ते बी धरतं आणि म्हातारं होतं. मग दसऱ्याच्या तोंडावर तुम्ही त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिलात तरी ते कळी देत नाही. गणपती उठले की पितृपंधरवडा लागतो, शुभकार्यं थांबतात आणि फुलाला कुत्रं विचारत नाही. तेवढ्या दिवसांत भलेभले मळेवाले मजुरी वाचवायला म्हणून मळ्याकडे पाठ फिरवतात. तात्या फिरवत नसत. फुलं तोडायची, नाल्यात ओतायची आणि झाड तरणं ठेवायचं, हा त्यांचा खाक्या होता.

मी मनमाडची, रेल्वेवाल्याची मुलगी. आमच्या घरी पैसा एक तारखेला यायचा आणि पंचवीस तारखेला संपायचा, त्यात बाजाराचा काही संबंध नव्हता. शहाण्णव साली लग्न होऊन या घरात आले, तेव्हा फूल तोडायचं की कापायचं हेही मला ठाऊक नव्हतं. पुढच्याच वर्षी बाजार असा काही बसला की गणपतीतसुद्धा झेंडूला भाव नव्हता, आणि पितरांत तर हमालीसुद्धा अंगावर यायला लागली. शेजारच्यांनी मळे सोडून दिले. एकाने तर नांगर घातला. आमच्याकडे मात्र मी आणि माझी सासू, ठमाबाई, उजाडायच्या आत सरीत उभ्या असायचो. तोडलेली फुलं पाटीत, भरलेली पाटी डोक्यावर आणि डोक्यावरची पाटी नाल्यात. मला रडू यायचं. टाकायचीच आहेत तर तोडायची कशाला, असं मी एकदा आत्याबाईंना विचारलंही. सासूला मी आत्याबाई म्हणते. त्या म्हणाल्या की फुलाकडे बघू नको, झाडाकडे बघ. तेवढं बोलून त्या पुढच्या सरीत गेल्या.

त्या दसऱ्याला सगळ्या शिवारात फूल होतं ते फक्त आमच्याकडे. मुंबईचे व्यापारी गाड्या घेऊन बांधावर आले. गावाने मारुतीच्या पारावर तात्यांना फेटा बांधला आणि तात्यांनी भाषण ठोकलं. पडत्या बाजारात जो हात चालू ठेवतो त्याचाच दसरा, असं काहीसं ते बोलले. टाळ्या पडल्या. आत्याबाई तेव्हा घरी बोटांना खोबरेल लावत बसल्या होत्या, कारण झेंडूच्या चिकाने बोटांची सालं निघाली होती. भाषणात त्यांचं नाव नव्हतं. पण एक गोष्ट मी तात्यांची नाकारत नाही. त्या पैशातून त्यांनी विहिरीकडचा तीस गुंठ्यांचा तुकडा घेतला, आणि तो आत्याबाईंच्या नावावर घेतला. भावकीत कुजबुज झाली, बायकोच्या नावावर जमीन म्हणजे काय चाललंय. तात्यांनी कुणाला भीक घातली नाही.

या बाईने जन्मात कुठल्या वस्तूला माझं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पातळसुद्धा ‘घरातलं’ असायचं. त्या तुकड्याला मात्र त्या ‘माझा मळा’ म्हणायच्या, तेही हळूच. पुढची दहा-अकरा वर्षं त्या मळ्यात झेंडू, शेवंती, बिजली, मधेच मेथी-कोथिंबीर, काही ना काही उभंच असायचं. माझी मुलगी दिशा तिथेच बांधावर रांगली. मीही शिकले. आता माझ्या डाव्या हाताचा अंगठा बघाल तर मी मनमाडची आहे हे कुणाला पटणार नाही.

मग शहर आलं. शहर येतं म्हणजे आधी डांबर येतं, मग पाट्या येतात, मग माणसं गाडीची काच खाली करून हा मळा कोणाचा असं विचारायला लागतात. आमच्या बांधाला लागून सावळीरामबाबांचा मळा होता. ते वारले आणि त्यांचा मुलगा रंगनाथ याने मळ्याचे प्लॉट पाडले, ते विकून कंपनी काढली आणि तिला नाव दिलं मळेकरी प्रॉपर्टीज. मळे गिळून उभ्या राहिलेल्या कंपनीला हे नाव द्यायला माणसाला एक प्रकारची हिंमत लागते. पण रंगनाथ लबाड नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे व्हाल. तो आमच्या तात्यांच्या खांद्यावर बसून फुलबाजारात गेलेला मुलगा होता. पांढऱ्या गाडीतून उतरला तरी चपला दाराबाहेर काढायचा आणि आत्याबाईंच्या पाया पडायचा.

दोन हजार पाच साली त्याने आमचा रस्त्याकडचा मळा घेतला. थोडे पैसे रोख दिले, बाकीच्या पैशांचे कंपनीतले भाग, म्हणजे शेअर, दिले. रोखीचं आमचं हे घर झालं, खाली चकाकणारी फरशी, जिच्यावर आत्याबाई आजही जपून पाय टाकतात. आणि त्या मळ्यावर रंगनाथने मळेकरी प्लाझा उभारायला घेतला. पाच मजले, काचा, सरकता जिना, वर हॉटेल, आणि तळघरात फुलबाजार. थंड हवेतला फुलबाजार. मुंबईचा व्यापारी तिथे येऊन माल घेईल, तुमचं फूल उन्हात मरणार नाही, असं त्याने मळेवाल्यांना सांगितलं होतं, आणि मला वाटतं त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. इमारतीला पैसा मात्र बँकेचा. एका बँकेचा नव्हे, दोन बँकांचा, शिवाय एका खाजगी पेढीचा. आधीच्या कर्जाचं व्याज पुढच्या कर्जातून जात होतं. सात साली हे कुणाला वावगं वाटत नव्हतं. गाळे बुक होत होते, नकाशावरचे चौकोन भरत होते, आणि तात्या खिशात कंपनीचं कार्ड बाळगून फिरत होते. संचालक मंडळात त्यांचं नाव नव्हतं, पण फुलबाजारात लोक त्यांना शेठ म्हणायला लागले होते. ते त्यांना आवडायचं. कुणाला नाही आवडणार.

आठ साली गणपती उठले आणि टीव्हीवर अमेरिकेतली कुठलीशी बँक बुडाल्याची बातमी आली. माझे यजमान योगेश सातपूरला एका कारखान्यात आहेत. आठवड्याभरात त्यांची रात्रपाळी बंद झाली. महिन्याभरात प्लाझातलं सगळ्यात मोठं दुकान घेणारी कापडवाली कंपनी मागे फिरली. मग हॉटेलवाला. मग ज्यांनी बयाणा दिला होता ते गाळेवाले बयाणा परत मागायला लागले. दिवाळीत प्लाझाचं काम थांबलं. पाचवा मजला नुसत्या सळयांचा राहिला आणि सरकत्या जिन्याच्या जागी खड्डा, त्यात पावसाचं पाणी साचलेलं. भागाची किंमत निम्म्यावर आली, मग तिच्याही निम्म्यावर, आणि त्याही भावात घेणारा कुणी नव्हता.

बाकीचे भागवाले रंगनाथच्या ऑफिसात जाऊन आरडाओरडा करत होते. तात्या शांत होते. नुसते शांत नव्हते, खुशीत होते. एका सकाळी चहा घेता घेता मला म्हणाले, “दीपा, हा बाजाराचा पितृपंधरवडा हाय. सगळे मळा सोडून चाललेत. मी सत्त्याण्णवला बघितलंय. पुढं दसरा हाय.”

खरं सांगू, मला ते पटलं. भाव पडतात आणि चढतात, हे मी त्या घरात दहा वर्षं डोळ्यांनी बघत होते. आणि ते चढले तेव्हा नाल्यात फुलं ओतणारे आम्हीच शहाणे ठरलो होतो, हेही बघितलं होतं. फक्त मला एवढंच कळत नव्हतं, की तिथे तोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं. ते रंगनाथने येऊन सांगितलं.

तो आला तेव्हा त्याची दाढी वाढलेली होती. आत्याबाईंच्या पाया पडला आणि खाली फरशीवरच बसला, सोफ्यावर नाही. त्याने काही लपवलं नाही. कर्ज किती, कोणाचं, हप्ता किती थकला, सगळं बोलला. मार्चपर्यंत व्याज भरत राहिलो तर बँक हात लावणार नाही, तोपर्यंत बाजार हलेल, असा त्याचा हिशेब होता. स्वतःचा फ्लॅट त्याने गहाण टाकला होता आणि बायकोचं सोनं मोडलं होतं. आता नवे भाग काढतोय, पावलीच्या भावात, पण कुणी घेत नाही. तात्यांनी त्याला एकच विचारलं, झाड जगेल ना. रंगनाथ म्हणाला, व्याज गेलं तर जगेल. तात्यांनी मान डोलावली. त्यांच्या डोक्यात सगळं जुळलं होतं. व्याज भरणं म्हणजे तोडा. पैसा नाल्यात जातोय असं दिसेल, पण झाड तरणं राहील, आणि दसऱ्याला सगळ्या शिवारात फूल आपल्याकडेच असेल.

आमच्याकडे विकण्यासारखं एकच राहिलं होतं.

तात्यांनी तो विषय आत्याबाईंकडे सरळ काढला नाही. ते जेवताना भिंतीकडे बघून बोलायचे. निफाडच्या पुंजारामाकडे द्राक्षाचा पैसा पडून आहे. विहिरीचं पाणी हल्ली कमीच झालंय. या वयात वाकून तोडणी किती दिवस करायची. आत्याबाई भाकरी थापत राहायच्या. पुंजाराम येऊन तुकडा बघूनही गेला. मंदी आहे म्हणून त्याने भाव पाडून मागितला आणि तात्यांनी तो मान्य केला. पडत्या बाजारात विकून पडत्या बाजारात घ्यायचं, फरक काय, असं ते म्हणाले.

मी योगेशना गाठलं. म्हटलं, हा एकच तुकडा आहे आणि तो त्यांचा नाही, आईंचा आहे, तुम्ही बोला. ते म्हणाले की तात्यांचं आजवर चुकलेलं मी बघितलं नाही. मग म्हणाले, माझी नोकरी उद्या राहील की नाही ठाऊक नाही, प्लाझा उभा राहिला तर दिशाचं शिक्षण तरी होईल. हा माणूस कारखान्यात पाव मिलिमीटरची चूक पकडतो आणि घरात बापापुढे उभा राहिला की त्याला भिंत दिसत नाही. मी त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मग मी आत्याबाईंकडे गेले. त्या मळ्यात होत्या. दिवाळीनंतरचा झेंडू, शेवटचे तोडे, फूल लहान आणि भाव बेताचा. त्यांना मी सांगितलं की सही करू नका, तुमच्या सहीशिवाय कुणाच्या बापाला ते विकता येणार नाही. त्या तोडत राहिल्या. सरीच्या टोकाला पोचल्यावर म्हणाल्या, “घेऊन त्यांनीच दिला ना गं.”

मी म्हटलं, दिला कुणाच्या कष्टातून ते तुम्हाला ठाऊक आहे. पाटी भरली होती ती त्यांनी माझ्या डोक्यावर दिली.

खरेदीखत डिसेंबरात झालं. रजिस्ट्रारच्या ऑफिसात गर्दी नव्हती, मंदीत तिथेही सुतकच होतं. आम्ही बाकावर बसलो होतो, पुंजाराम वकिलाशी बोलत होता. कारकुनाने आत्याबाईंना हाक मारली. त्या उठल्या, टेबलापर्यंत गेल्या आणि तिथून वळून परत तात्यांसमोर आल्या. मला वाटलं, आता नाही म्हणतात.

“दसऱ्याला परत मिळंल ना?” त्यांनी विचारलं.

“दुसरा घिऊन दीन. याच्यापेक्षा मोठा.”

“मोठा नको. विहिरीजवळ पाहिजे.”

“विहिरीजवळ,” तात्या म्हणाले. “शब्द हाय माझा.”

आत्याबाई गेल्या आणि एक-एक अक्षर सुटं काढत त्यांनी सही केली. बोटांचे ठसे घेताना मशीन त्यांचा अंगठा घेईना. रेषाच उरल्या नव्हत्या. कारकून कंटाळून म्हणाला की बाई, जोरात दाबा. त्यांनी जोरात दाबला.

तो सगळा पैसा तात्यांनी पावलीच्या भावाने भागांत घातला. कंपनीतला मोठा हिस्सा आता त्यांच्याकडे होता, आणि ते हे अभिमानाने सांगायचे. संक्रांतीला आम्ही प्लाझावर गेलो तर तिथे चिटपाखरू नव्हतं, एक वॉचमन सोडून. रंगनाथने सांगितलं की पैसा आला त्याच दिवशी दोन्ही बँकांत गेला, विटेला एक रुपयाही उरला नाही. तात्या म्हणाले, असू दे, तोडा झाला. मार्चात पुढचा हप्ता आला. तेव्हा तोडायला आमच्याकडे काहीच उरलं नव्हतं, आणि रंगनाथकडेही नाही. बाजार जागचा हलला नव्हता.

जूनमध्ये प्लाझाच्या पत्र्यावर बँकेने नोटीस चिकटवली आणि पेपरात छापली. तात्यांनी मला बरोबर घेतलं, इंग्रजी वाचायला म्हणून, आणि आम्ही बँकेत गेलो. साहेब तरुण होता, नीट बोलणारा. त्याने पाणी दिलं. तात्यांनी त्याला समजावून सांगितलं की घाई करू नका, आता विकाल तर मातीमोल जाईल, वर्ष-दोन वर्षं थांबा, बाजार वर येणार आहे. साहेब म्हणाला की येईलही. मग त्याने कोणाला कधी मिळतं ते सांगितलं. इमारत विकून येईल त्यातून आधी बँकांचं मुद्दल, व्याज, दंडव्याज. मग सरकारची देणी. मग पेढी, सिमेंटवाला, लोखंडवाला. काही उरलं तर भागवाले.

“पण भर मंदीत पैसा म्या घातला,” तात्या म्हणाले. “कुणीच घालत नव्हतं तेव्हा.”

“तो तुम्ही कंपनीत घातला, काका. कंपनीने तो आम्हाला व्याजात दिला.”

“मग बाजार वर येईल तेव्हा?”

“तेव्हा ज्याची इमारत असेल, त्याला मिळेल.”

साहेबाने हे कुचकेपणाने म्हटलं नाही, म्हणूनच मला जास्त राग आला. त्याच्यावर नाही, आमच्यावर. सत्त्याण्णवला आम्ही फुलं नाल्यात ओतली तेव्हा झाड आमचं होतं, माती आमची होती, झाडावर दुसऱ्या कुणाचा हात नव्हता. इथे आम्ही दुसऱ्याच्या झाडाची राखण करत बसलो होतो आणि त्याची मजुरी आम्हीच भरत होतो. एवढी साधी गोष्ट कळायला आम्हाला बँकेच्या थंड खोलीत यावं लागलं. मी कळलं म्हणते, ते माझ्यापुरतं. तात्यांना कळलं का, ते मला त्या दिवशी सांगता आलं नसतं. बाहेर आल्यावर ते म्हणाले की पोराला बाजाराचा अनुभव नाही.

लिलाव झाला. मुंबईच्या कुणा पार्टीने प्लाझा अर्ध्याहून कमी किमतीत घेतला. बँकांचंच पुरतं फिटलं नाही, मग आमच्यापर्यंत काय येणार. रंगनाथ पुण्याला गेला. तिथे कुणाच्या तरी साइटवर सुपरवायझर आहे असं ऐकलं. जाताना आला होता, पाया पडला. आत्याबाईंनी त्याला चहा दिला. माझ्याच्याने तेवढंही झालं नसतं.

विहिरीकडच्या तुकड्याला पुंजारामाने तारेचं कुंपण घातलं आणि तो तसाच टाकून दिला. भाव आला की प्लॉट पाडणार होता. आत्याबाई पहाटे पहिल्यासारख्याच उठायच्या. उठून अंगण झाडायच्या, मग पुन्हा झाडायच्या, मग मागच्या पायरीवर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. बोटांवरचा काळा-हिरवा डाग महिन्यामहिन्याने फिका होत गेला. एरवी तो घासूनही गेला नसता. एकदा त्यांनी विषय काढला की बारकूकडे तोडणीला बाया कमी पडतात, रोजाने जाते. बारकू म्हणजे नाल्यापलीकडचा मळेवाला. तात्यांनी ताट सारलं. खंडेरावची बायको दुसऱ्याच्या मळ्यात रोजाने गेली तर फुलबाजारात आपल्याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं ते म्हणाले. आत्याबाईंनी तो विषय परत काढला नाही. पायरीवर बसणं चालू राहिलं. त्यांचं वजन उतरलं, डॉक्टर म्हणाले काही दुखणं नाही. मला दुखणं दिसत होतं, पण ते लिहून द्यायला औषध कुठलं होतं.

आणि बाजार वर आला. हेच मला सगळ्यात जड जातं सांगायला. बाजार आलाच नसता तर निदान सगळे एकदम बुडालो म्हणता आलं असतं. पण तो आला, तात्या म्हणाले तस्साच. दहा सालच्या पावसाळ्यात सळयांचा मजला भरला, काचा लागल्या, आणि दसऱ्याला प्लाझा उघडला. नाव बदललं होतं. मागे फिरलेली कापडवाली कंपनी परत आली होती. तळघरात फुलबाजार नव्हता, गाड्यांचं पार्किंग होतं.

दसऱ्याच्या सकाळी तात्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला, टोपी घातली आणि सगळ्यांना चला म्हणाले. मला जायचं नव्हतं. पण आत्याबाई पदर सावरून निघाल्या, म्हणून मी आणि दिशा निघालो. प्लाझाच्या दाराला झेंडूचे जाडजूड हार होते, कुठून तरी बाहेरगावाहून आणलेले. गर्दी अशी की दिशाचा हात सुटत होता. सरकत्या जिन्यावर बायका साड्या धरून किंचाळत होत्या. तात्या मधोमध उभे राहिले आणि वर बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर सत्त्याण्णव सालचं ते पारावरचं हसू होतं. मी खोटं सांगत नाही. ज्या इमारतीने आमचं सगळं गिळलं, तिच्याखाली उभा राहून तो म्हातारा खूश होता.

“बघितलं?” ते आत्याबाईंना म्हणाले. “आला का नाय बाजार वर? मी काय म्हणलो होतो? लय हसले होते लोक.”

मला त्यांच्या टोपीला हात घालावासा वाटला. मी दिशाला उचलून घेतलं, ती उचलण्याच्या वयाची राहिली नव्हती तरी.

आत्याबाई वर बघत नव्हत्या. त्या तात्यांकडे बघत होत्या, खूप वेळ. राग नव्हता त्या नजरेत. असता तर बरं झालं असतं.

“तुमचं बरोबर निघालं,” त्या म्हणाल्या. “आता सांगा, उद्या सकाळी मी कुठं जाऊ?”

लोक आम्हाला ढकलून पुढे जात होते. तात्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि त्या जागी काहीच आलं नाही. मग त्यांनी मान खाली घातली, आणि मला वाटतं बँकेतल्या पोराचं बोलणं त्यांना त्या क्षणी ऐकू आलं.

आम्ही घरी आलो. योगेशनी दारातच विचारलं, काय झालं. मी म्हटलं, दसरा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याबाईंनी जुनं पातळ नेसलं, डोक्याला फडकं बांधलं आणि पाटी घेतली. दिवाळीचा तोडा सुरू होता, बारकूकडे उजाडायच्या आत हजर राहावं लागतं. मीही निघाले. तात्या दारात उभे होते. मला वाटलं आडवे येतील. ते आडवे आले नाहीत. पायात चपला घालून म्हणाले, “मीबी येतो.”

आत्याबाईंनी पाटी काखेत धरली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, भाकरी वाढू का विचारताना असतो तसा.

“तोडणीला बाया लागतात,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला कोण बोलावंल? तुम्ही घरी थांबा.”

आम्ही दोघी नाला ओलांडून पलीकडे गेलो. पाठीमागे दार लावल्याचा आवाज आला नाही.